बेनेडिक्ट काकांची बेचाळिसावी होडी

बेनेडिक्ट काकांनी आयुष्यात एक्केचाळीस होड्या बांधल्या. एकही बुडाली नाही. हे ते पहिल्या भेटीतच सांगतात. मलाही सांगितलं होतं.

मी तेव्हा एम.ए.च्या अभ्यासासाठी पाचूबंदर या मासेमारांच्या वस्तीची बोली टिपून घ्यायला गेले होते. काकांनी माझी वही बाजूला ठेवायला लावली आणि मला एका होडीच्या पोटाखाली नेलं. फळीवर बोटाच्या पेराने ठोकलं.

"काय ऐकलंस?"

"ठक."

"बरोबर. आवाज जागच्या जागी बसला पायजे. घुमला, म्हंजे आत लाकूड पोकळ झालाय."

अभ्यास संपला. आता मी सातिवलीत पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात बसते आणि फुलपाड्याला राहते. पण रविवारी पाचूबंदरला जाणं सुटलं नाही. काकांच्या बायकोला, ग्रेसीला, मी मावशी म्हणते. बंदरावर मी आधी त्यांच्याकडून बोंबील घेतले, आणि मासळीवाल्या बाईला मावशी म्हणायची मला सवय. नंतर कळलं की त्यांचा नवरा म्हणजे काकाच. त्यामुळे नवरा काका आणि बायको मावशी, असं माझं त्या घराशी नातं आहे. दोघांचीही काही तक्रार नाही.

गेल्या वर्षी मावशींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ होती, ती गेली. तिच्याबरोबर आवाजही गेला. म्हणजे बोलता येतं, पण घोगरं. तीस वर्षं त्या चर्चच्या क्वायरमध्ये पहिल्या रांगेत उभ्या राहून गायल्या होत्या. आता शेवटच्या बाकावर बसतात. दाराजवळ, उशिरा येणाऱ्यांच्यात.

"मासळीच्या लिलावाला पुरतो आवाज," त्या मला म्हणाल्या. "आलेलुयाला नाय पुरत."

हसून म्हणाल्या. पण चर्चमध्ये गाणं सुरू झालं की त्या छत्री बाहेर राहिली का ते बघायला उठतात, असं काकांनी सांगितलं. उन्हाळ्यातही.

लग्नाआधी, माहेरी अर्नाळ्याला असताना, मावशी चार वर्षं व्हायोलिन शिकल्या होत्या. व्हायोलिन चर्चचं होतं. लग्न होऊन त्या इकडे आल्या, व्हायोलिन तिकडेच राहिलं.

"चाळीस वर्षांत मी तिला त्याबद्दल एकदापन नाय विचारलं," काका म्हणाले. "मला वाटलं, गाते ना, मग बस."

मे महिन्यात त्यांनी जाऊन क्वायरच्या युजीन मास्तरांना सांगून टाकलं, की होड्यांच्या आशीर्वादाला ग्रेसी वाजवणार. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की ऑगस्टच्या पहिल्या रविवारी फादर बंदरावर येतात आणि होड्यांना आशीर्वाद देतात. क्वायर तिथेच उभी राहून गाते. युजीन मास्तर म्हणाले, "आदल्या गुरुवारी सरावाला येऊ दे. वाजलं तर पहिल्या रांगेतली तिची जागा तिची."

"व्हायोलिन कुठून आणणार?" मी काकांना विचारलं.

"बांधनार."

मी म्हटलं, तयार मिळतं. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. जणू मी त्यांना दुसऱ्याने बांधलेल्या होडीतून समुद्रात जायला सांगितलं होतं.

मोबाइलवर शोधलं. सुट्या भागांचा संच मिळतो, आपण जोडायचा. काकांच्या घराचा पत्ता कुरियरवाल्याला सापडला नसता, म्हणून मी ऑफिसचा दिला. जूनच्या पहिल्या शनिवारी मी खोका घेऊन पाचूबंदरला गेले.

पडवीत काकांनी एकेक भाग काढून गोणपाटावर मांडला. पाठ आणि कडा आधीच जोडलेल्या होत्या. वरची पांढरी, हलकी फळी सुटी होती. मान होती, खुंट्या होत्या, तारा होत्या, वाजवायचा गज होता. एक करंगळीएवढी काडी होती. आणि चपट्या डबीत मधाच्या रंगाचा एक खडा होता. काकांनी तो नाकाजवळ नेला. चेहरा उजळला.

"राळ! बघ पोरी, राळ पाठवलीय त्यांनी. मानसं जानकार हायत."

होडीच्या दोन फळ्यांमधली फट बुजवायला तेलात कालवलेली राळ लागते. त्यात भिजवलेला कापूस फटीत ठासतात. काकांनी जन्मभर तेच केलं. मी मान डोलावली. मला व्हायोलिनमधलं काहीच कळत नव्हतं.

मावशी आतून आल्या. सगळ्या पसाऱ्यावरून एक नजर फिरवली.

"काय ओ मिस्त्री? बाहुलीची होडी?"

"तुझं व्हायोलिन."

मावशी वाकल्या. पांढरी फळी उचलली, परत ठेवली. "हाताला मासळीचा वास हाय माझ्या," म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यानंतर दीड महिना त्यांनी त्या सामानाला हात लावला नाही. जेवायला हाक मारायच्या, टोमणे मारायच्या, एवढंच. पण मी एकदा त्यांना स्वयंपाकघरात पाहिलं. भाकऱ्या झाल्या होत्या. त्यांनी लाटणं डाव्या खांद्याशी धरलं होतं आणि त्यावर चार बोटं चालत होती. एक, तीन, दोन, चार. मी पाऊल न वाजवता मागे फिरले.

संचाबरोबर बावीस पानांची इंग्रजी पुस्तिका होती. ती वाचून सांगायचं काम माझं. काका ऐकायचे आणि भांडायचे.

"जोड सरसाने करावा, म्हणजे पुढेमागे दुरुस्तीसाठी उघडता येतो," मी वाचलं.

"उघडनारा जोड? मग तो जोड कसला?"

"असं लिहिलंय."

"लिहिनाऱ्याची होडी कधी वाळूला लागली नसंल."

शेवटी सरस लावायला तयार झाले. त्यांचे वडील कपाटांना सरस लावायचे, म्हणून. वरच्या फळीला दोन लांब वळणदार भोकं होती. त्यावर आमचा अर्धा रविवार गेला.

"ही बुजवायची ना?"

"नाही काका. आवाज तिथूनच येतो."

"आनि पानी?"

"पाणी कुठून येणार?"

"पानी येतंच," काका म्हणाले. एक्केचाळीस होड्या बांधलेल्या माणसापुढे मी ते वाक्य पुन्हा वाचलं. भोकं उघडी राहिली.

पावसात सरस वाळेना. मग काकांनी मासळीसाठीची बर्फाची जुनी पेटी धुऊन घेतली, तिला वरून एक भोक पाडलं आणि आत साठचा बल्ब सोडला. मान जोडलेली पाठ त्या पेटीत दोन दिवस निजली. बाहेर आली तेव्हा जोड दगडासारखा होता. व्हायोलिनला मात्र बोंबलाचा मंद वास लागला होता.

पुढचं पान मी वाचलं. वरची फळी बसवण्याआधी आतून खरवडून पातळ करा. तीन मिलिमीटर उरेपर्यंत. काकांनी त्यांच्या अंगठ्याच्या नखाकडे बघितलं. "एवढी? हे लाकूड हाय का पापड?" पण मान डोलावली. मग दोन रविवार मला जाता आलं नाही. ऑफिसात मालाची मोजदाद होती. तिसऱ्या रविवारी गेले तर व्हायोलिन बंद झालेलं. वर पातळ वॉर्निश, ताराही चढलेल्या. काका पडवीत उभे होते, हात मागे बांधून. होडी पाण्यात सोडायच्या दिवशी उभे राहतात तसे.

"बंद केली," म्हणाले. "थेंब नाय शिरनार."

मावशींनी लिंबाने तीनदा हात धुतले. खुर्चीवर बसल्या. व्हायोलिन खांद्याशी घेतलं. इतक्या सहज, की मी काकांकडे पाहिलं. काका जमिनीकडे बघत होते. मावशींनी गज ओढला.

काहीच नाही. गजाच्या केसांनी तारेला नुसतं कुरवाळलं.

मावशींनी गजाचे केस बोटाने चाचपले. "बेन, राळ कुठं हाय?"

"कुठली?"

"गजाला घासायची. खोक्यात आली असंल ना, खडा?"

काकांनी जवळची टोपी उचलली.

"बेन."

"लावली."

"कुठं?"

"आत."

मी पुस्तिका उघडली. शेवटून दुसरं पान. खडा गजासाठी होता. ते पान आम्ही अजून वाचलंच नव्हतं.

मावशींनी अंगणातल्या डब्यातून काकांच्या होडीच्या राळेचा तुकडा आणला. गजाला घासला. पुन्हा ओढला. आता आवाज आला. बादलीत तोंड घालून कोणी खोकावं तसा. दुसरी तार, तिसरी, चौथी. चारी तारा एकाच बादलीत खोकल्या.

काकांनी टोपी डोक्यावर घातली आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. गुरुवारच्या सरावाला अकरा दिवस होते. मला वाटलं, मावशी व्हायोलिन खाली ठेवतील, एखादा टोमणा मारतील आणि पुन्हा शेवटच्या बाकावर जाऊन बसतील. त्यांच्या चेहऱ्यावर तेच दिसलं. क्षणभरच.

मग त्यांनी व्हायोलिन कानाशी धरलं आणि वरच्या फळीवर पेराने ठोकलं. ठक. आवाज जागच्या जागी बसला.

"मिस्त्री, आत काय घातलंस?"

"थोडी मजबुती केली."

"थोडी म्हंजे?"

"थोडी."

मावशी उठल्या. आतून बोंबील चिरायची पातळ सुरी घेऊन आल्या.

"ग्रेसी! माझा जोड हाय तो!"

"म्हनूनच," मावशी म्हणाल्या. "पोरी, उघडायचं कसं, काय लिहिलंय?"

मी चौदावं पान काढलं. "पातळ सुरी. कोमट पाण्याचा थेंब. खालच्या टोकाला, कडेच्या जोडात हळूच..."

"हे पुस्तक मला शिकवतंय?" मावशी म्हणाल्या.

त्यांनी ताटलीत पाणी घेतलं, सुरी बुडवली, खालच्या बाजूला जोडाची जागा नखाने शोधली आणि पातं आत सरकवलं. टक, असा बारीक आवाज झाला. मग पुढे पुढे. टक, टक, टक. हात घाई करत नव्हता, थांबतही नव्हता. चाळीस वर्षं रोज सकाळी त्या हाताने हेच केलं होतं. लाकडाचा एक टवकासुद्धा निघाला नाही. फळी अलगद सुटली आणि मावशींनी ती उताणी केली.

आत होडी होती.

खरंच. आडव्या फासळ्या होत्या, सात. होडीला असतात तशाच, सागाच्या, रंध्याने गुळगुळीत केलेल्या, बोटभर अंतरावर बसवलेल्या. कडेने सगळीकडे राळेत भिजवलेला कापूस ठासलेला. फळी पापडासारखी नव्हती, चांगली जाड होती. तळाला काळ्या रंगाने एक क्रूस काढला होता. त्याखाली आकडा, ४२. त्याखाली नाव, ग्रेसी.

मी इतकी सुंदर चूक कधी पाहिली नव्हती.

मावशी त्या नावाकडे बघत होत्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या. ऑपरेशननंतर त्यांचं हसू आवाज करत नाही, नुसतं अंग हलतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"बेन," कशाबशा म्हणाल्या, "हे घेऊन मी देवाची स्तुती करू, का पापलेट पकडायला जाऊ?"

काका वळले नाहीत. "समुद्राची हवा खराब. फुटली असती तर?"

"ह्याच्यात बसनार कोन हाय? कोन बुडनार हाय?"

काका वळले. मग टोपी काढली, आत गेले आणि पटाशी घेऊन आले. "फासळ्या आनि कापूस काढतो," म्हणाले. "नाव राहू दे."

"नावाला कोन हात लावतंय?"

त्या आठवड्यात मी रोज ऑफिस सुटल्यावर सातिवलीहून थेट पाचूबंदरला गेले. वाचायला काही उरलं नव्हतं. मला फक्त बघायचं होतं. काका फळी आतून खरवडत. मावशी समोर पाटावर बसत. थोडं खरवडलं की काका फळी त्यांच्या हातात देत. मावशी ती दोन बोटांत कोपऱ्याला धरत, कानाजवळ नेत आणि ठोकत.

"अजून."

काका खरवडत.

"अजून."

"अजून काढलं तर बोट आरपार जाईल."

"जाऊ दे. अजून."

काकांच्या कपाळावर घाम. उभ्या आयुष्यात त्यांनी कधी लाकूड जाणूनबुजून पातळ केलं नव्हतं. ज्या आवाजाला ते जन्मभर भ्यायले, तोच आवाज त्यांना आता आपल्या हाताने बाहेर काढायचा होता. बुधवारी संध्याकाळी मावशींनी फळी ठोकली आणि काही बोलल्या नाहीत. पुन्हा ठोकली. मग फळी काकांच्या कानाशी धरली आणि तिसऱ्यांदा ठोकली.

तो आवाज मलाही ऐकू आला. पडवीभर फिरला आणि सावकाश गेला.

"घुमतंय," काका घाबरून म्हणाले.

"आता बस," मावशी म्हणाल्या.

शुक्रवारी फळी पुन्हा सरसाने बसली. पुन्हा बर्फाची पेटी, पुन्हा बल्ब. सोमवारी फक्त ती काडी बसवायची उरली. करंगळीएवढी काडी व्हायोलिनच्या आत उभी करायची, वरची आणि खालची फळी यांच्यामध्ये. सरस नाही, खिळा नाही. नुसत्या दाबावर. गेल्या वेळी काकांनी ती चिकटवून टाकली होती.

"काहीच न लावता उभी राहील?"

"असं लिहिलंय," मी म्हटलं. या वेळी त्यांनी लिहिणाऱ्याला काही म्हटलं नाही.

जाळं विणायची एक सुई तापवून वाकवली. फळीच्या वळणदार भोकातून काडी आत नेली. पडली. व्हायोलिन उलटं करून, हलवून बाहेर काढली. पुन्हा नेली. पुन्हा पडली. सहाव्या वेळी काकांनी एका संताचं नाव असं घेतलं, की मावशींनी त्यांना लगेच क्रूस करायला लावला. आठव्या वेळी काडी उभी राहिली. काका श्वास रोखून मागे सरकले, झोपलेल्या बाळापासून सरकावं तसे.

तारा चढवल्या. मावशींनी गजाला राळ घासली, होडीच्या डब्यातलीच. आणि ओढला.

आवाजाचं वर्णन करायला मला एम.ए.ला शिकवलेलं आहे. ते इथे करत नाही. एवढंच सांगते, की शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. शेजारीण जॉयस गॅलरीत आली आणि म्हणाली, "ग्रेसी गातेय काय?"

मावशींनी गज थांबवला. जॉयसकडे पाहिलं. मग काकांकडे पाहिलं. आणि पुन्हा ओढला.

तीन दिवस त्या एकच गाणं वाजवत होत्या. चार ओळींचं, संथ. बोटं चुकत होती, पण वाट विसरली नव्हती. दीड महिना लाटण्यावर चालली होती ना. गुरुवारी आम्ही तिघं चर्चच्या हॉलपाशी गेलो. काका आत आले नाहीत. बाहेर खिडकीला पाठ करून उभे राहिले, समुद्राकडे बघावं तसे, समुद्र त्या बाजूला नसतानाही.

मावशींनी वाजवलं. दुसऱ्या ओळीत अडखळल्या, थांबल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पूर्ण केलं. युजीन मास्तर जवळ आले. त्यांनी व्हायोलिनकडे वाकून पाहिलं. नाक वर केलं.

"ग्रेसी, बोंबलाचा वास कुठून येतोय?"

"पाचूबंदरची हाय ती," मावशी म्हणाल्या. "तुला गुलाबाचा यायला पायजे होता?"

सगळी क्वायर हसली. मास्तरांनी पहिल्या रांगेतल्या दोन बायकांना सरकायला सांगितलं. त्या आधीच सरकल्या होत्या.

रविवारी बंदरावर पताका लागल्या होत्या. होड्या धुऊन, रंगवून रांगेत. फादर पुढे, पवित्र पाणी शिंपडत. क्वायर धक्क्यावर. मावशी पहिल्या रांगेत, निळ्या साडीत, खांद्याशी व्हायोलिन. छत्री शोधायला त्या कुठे गेल्या नाहीत. बाकीचे गायले आणि त्यांच्या आवाजाखालून ती संथ ओळ चालत राहिली. भरतीचं पाणी धक्क्याला लागत होतं. फादरांनी होड्यांवर पाणी शिंपडलं. मग त्यांनी वळून थोडं व्हायोलिनवरही शिंपडलं.

"ओ फादर!" काका गर्दीतून ओरडले. "पानी!"

गाणं संपायच्या आत ते रुमाल घेऊन पुढे पोचले होते. मावशी वाजवत होत्या, काका भोकांच्या कडा पुसत होते आणि फादर हसू दाबत होते. गाणं संपल्यावर काकांनी व्हायोलिन हातात घेतलं, त्या भोकातून करंगळी आत घातली आणि आतला तळ चाचपला. नव्या होडीचा चाचपतात तसा.

"कोरडी हाय," म्हणाले.

आजकाल पाचूबंदरला कोणी नवा माणूस आला की काका त्याला होडीच्या पोटाखाली नेतात, ठोकून दाखवतात आणि सांगतात, "बेचाळीस बांधल्या. एकपन बुडाली नाय."

मावशी जवळ असतील तर टोपलीवरून मान वर करत नाहीत. फक्त म्हणतात, "पुढचं सांग."

"एक बायकोनं चिरली," काका म्हणतात, आणि आत व्हायोलिन आणायला जातात.